केएमटीसाठी पैसा कसा मागावा: बस चालवण्याच्या खर्चाविषयी कोल्हापूरकरांसाठी मार्गदर्शन

केएमटी, म्हणजे कोल्हापूर महापालिकेची शहर बससेवा, सुधारावी म्हणून जी निवेदने दिली जातात, त्यांतील बहुतेकांत एकच मागणी असते: नवीन बस द्या. ही मागणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. कोल्हापूरला नवीन बस यापूर्वीही मिळाल्या. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेतून केएमटीच्या ताफ्यात गाड्या आल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेतून शहरासाठी १०० विजेवरच्या बस मंजूर झाल्या. गाडी आणण्यासाठी दिल्ली-मुंबईचा पैसा मिळू शकतो. ती गाडी पुढची दहा-बारा वर्षे रोज पहाटे वेळेवर रस्त्यावर यावी यासाठी लागणारा पैसा मात्र मुख्यतः आपल्याच महापालिकेच्या अंदाजपत्रकात, दरवर्षी नव्याने उभा करावा लागतो. तो कोणाकडे, कधी आणि कोणत्या कागदांच्या आधारे मागावा, हे पुढे सांगितले आहे.

आधी भांडवली आणि महसुली खर्च वेगळे करा

बसखरेदी, आगाराचे बांधकाम, चार्जिंगची व्यवस्था हा भांडवली खर्च आहे. चालक-वाहकांचे पगार, डिझेल किंवा वीज, टायर, सुटे भाग, विमा आणि ठेकेदाराला दर किलोमीटरमागे द्यावयाची रक्कम हा महसुली खर्च आहे. राजकीयदृष्ट्या या दोहोंचे वजन अगदी भिन्न असते. भांडवली खर्चाला अनुदान मिळते, लोकार्पणाचा कार्यक्रम होतो आणि कोनशिलेवर नावे लागतात. महसुली खर्चाचा कार्यक्रम होत नाही. शिवाय परिवहन उपक्रमाचा हिशेब महापालिकेच्या इतर हिशेबांपासून स्वतंत्र असल्यामुळे तो खर्च तोटा म्हणून डोळ्यांत भरतो. राज्याच्या नगरोत्थान योजनेतून शहरात १०० कोटी रुपयांच्या रस्त्यांचे काम निघाले, तेव्हा त्या रस्त्यांतून उत्पन्न किती येणार, असे कोणी विचारले नाही, आणि ते योग्यच होते, कारण रस्ता ही सेवा आहे. बसही तशीच सेवा आहे. म्हणून आपल्या निवेदनात ‘तोटा भरून काढा’ असे न लिहिता ‘अमुक इतक्या फेऱ्या चालवण्यासाठी अमुक इतकी वार्षिक तरतूद करा’ असे लिहावे. पहिल्या वाक्याला ‘आधी कारभार सुधारा’ असे उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. दुसऱ्या वाक्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते.

किलोमीटरचा हिशेब स्वतः मांडा

पीएम ई-बस योजनेत बस आणि चालक खासगी कंपनीचे असतात, तिकिटाचे उत्पन्न महापालिकेकडे येते आणि धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर महापालिका कंपनीला देते. या दरातील काही भार केंद्र सरकार दहा वर्षे उचलते. बस रिकामी धावली काय किंवा भरून धावली काय, कंपनीचा दर बदलत नाही. प्रवासी कमी मिळाल्याचा सगळा धोका महापालिकेकडे राहतो. यात गैर काही नाही, कारण मार्ग, थांबे आणि तिकीटदर हे निर्णय महापालिकेनेच घ्यायचे आहेत. पण हा धोका किती रकमेचा आहे हे नागरिकांना आधी ठाऊक असले पाहिजे.

हिशेब अवघड नाही. उदाहरणादाखल १०० बस रोज प्रत्येकी १८० किलोमीटर धावतात असे धरले, तर दिवसाला १८,००० आणि वर्षाला ६५ लाख ७० हजार किलोमीटर होतात. केंद्राचे साहाय्य वजा केल्यावर उरणारा किलोमीटरमागचा खर्च आणि किलोमीटरमागचे तिकीट-उत्पन्न यांत दहा रुपयांची तफावत असेल, तर वर्षाला ६ कोटी ५७ लाख रुपये लागतील. तफावत वीस रुपये झाली, तर १३ कोटी १४ लाख. प्रत्यक्ष करारातील दर हाती आले की याच चौकटीत ते बसवावेत. एखादा नगरसेवक किंवा अधिकारी ‘बघू, काहीतरी करू’ असे म्हणू लागला, तर हा कागद त्याच्यासमोर ठेवता येतो.

महापालिकेने कंपनीची बिले थकवली तर काय होईल, हाही प्रश्न विचारून ठेवावा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने अशा थकबाकीसाठी देयक-सुरक्षा योजना मंजूर केली. तिच्यानुसार कंपनीला निधीतून पैसे मिळतात आणि ती रक्कम पुढे संबंधित परिवहन संस्थेकडून किंवा राज्य सरकारकडून वसूल केली जाते. म्हणजे इथे तरतूद केली नाही म्हणून खर्च टळत नाही. तो फिरून आपल्याच दारी येतो. स्थानिक तरतुदीच्या बाजूने मांडण्यासारखा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो फारच कमी वेळा मांडला जातो.

कागद कोणते मिळवावेत

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बरीच माहिती महापालिकेने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. ती आढळली नाही, तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे सगळे एकाच अर्जात कोंबू नये. पहिल्या अर्जात मार्गनिहाय धावलेले किलोमीटर आणि उत्पन्न मागावे. दुसऱ्यात रद्द झालेल्या फेऱ्या आणि त्यांची कारणे: गाडी बंद पडली, चालक नव्हता, सुटा भाग नव्हता, की आणखी काही. तिसऱ्यात कराराची प्रत. तीत किमान किती किलोमीटरचे पैसे खात्रीने द्यायचे आहेत आणि फेरी चुकल्यास दंड किती, ही कलमे आवर्जून पाहावीत. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर प्रथम अपील करावे.

करार वाचण्याची सवय कोल्हापूरला नवी नाही. बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर झालेल्या रस्ते प्रकल्पाच्या टोलविरोधात शहर रस्त्यावर उतरले, तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या नेत्यांनी लोकांना केवळ घोषणा दिल्या नाहीत, तर करारातील त्रुटीही चौकाचौकांत समजावून सांगितल्या. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. त्या लढ्यात काम पूर्ण झाल्यावर करार तपासावा लागला. बसच्या बाबतीत तो सेवा सुरू होतानाच, आणि सेवा टिकावी म्हणून, तपासायचा आहे.

कोणत्या महिन्यात, कोणाकडे

अंदाजपत्रकाच्या सभेच्या दिवशी महापालिका चौकात केलेली निदर्शने वर्तमानपत्रात येतात, पण तोवर आकडे ठरून गेलेले असतात. परिवहन उपक्रमाचे अंदाजपत्रक परिवहन व्यवस्थापक तयार करतात; ते परिवहन समितीपुढे जाते, मग स्थायी समितीकडे आणि शेवटी सभागृहाकडे. वर्ष १ एप्रिलला सुरू होते. म्हणून आपले निवेदन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये परिवहन व्यवस्थापकांच्या टेबलावर असावे, त्याची प्रत आयुक्त आणि मुख्य लेखापाल यांना द्यावी, आणि जानेवारीपासून नगरसेवकांच्या भेटी घ्याव्यात.

नोव्हेंबर २०२० मध्ये मागील सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. या काळात समित्यांचे अधिकार एकाच खुर्चीकडे होते. निर्णय लवकर होत असतील, पण जाब विचारायला जागा नव्हती. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने ८१ जणांचे सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागातील गटार, रस्ता आणि दिवा दाखवता येतो. बस मात्र अनेक प्रभागांतून जाते, म्हणून ती कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. यावर उपाय असा की, नगरसेवकाकडे जाताना संपूर्ण शहराचा नकाशा नेऊ नये. फुलेवाडीच्या नगरसेवकाकडे फुलेवाडीची, कसबा बावड्याच्या नगरसेवकाकडे बावड्याची रद्द झालेल्या फेऱ्यांची यादी न्यावी. सकाळी महाविद्यालयाच्या वेळेला, दुपारी सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेला किती फेऱ्या चुकल्या, हे त्याच्या मतदारांच्या भाषेत सांगावे. असे वीस-पंचवीस नगरसेवक, पक्ष कोणताही असो, एकाच लेखाशीर्षाबद्दल, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या एकाच नोंदीबद्दल, बोलू लागले, तर ते लेखाशीर्ष बदलते.

हद्दीबाहेरची गावे: खर्च कोणी उचलायचा

कोल्हापुरात बसच्या राजकारणाची खरी गाठ इथे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. पण उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी, शिरोली या बाजूंनी वाढलेली वस्ती त्या आकड्यात पुरती येत नाही. तिथली माणसे रोज शहरात येतात आणि शहरातील कामगार गोकुळ शिरगाव व शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत जातात. महापालिका १९७२ साली झाली. त्यानंतर हद्दवाढीचे प्रस्ताव कितीतरी वेळा पुढे आले आणि अडले. गावांना घरफाळा वाढण्याची आणि शेतजमिनीवर आरक्षणे पडण्याची भीती आहे. ती अनाठायी म्हणून झटकून टाकता येणार नाही. शहराचे म्हणणे असे की, सेवा आम्ही द्यायच्या आणि कर मात्र बाहेर राहायचा. तडजोड म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. तरीही वाद तापला की, विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करा, अशी मागणी शहरातून होते.

या मागणीला पाठिंबा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गावाची बस बंद केली तर ठराव करणारे पुढारी अडचणीत येत नाहीत. महाविद्यालयात जाणारी मुलगी, घरकामाला येणारी बाई आणि पहिल्या पाळीचा कामगार अडचणीत येतात. ते वडापकडे, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या खासगी गाड्यांकडे, वळतात किंवा हप्त्यावर दुचाकी घेतात, आणि एकदा दुचाकी आली की तो प्रवासी पुन्हा बसमध्ये येत नाही. म्हणजे हद्दवाढीच्या भांडणात केएमटी आपलेच उत्पन्न घालवते.

त्याऐवजी खर्चाच्या वाटणीची मागणी करावी. पुण्यात पीएमपीएमएल या शहर बससेवेच्या तुटीचा भार पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६० आणि ४० टक्के या प्रमाणात उचलतात. तिथेही कुरबुरी होतात, पण सूत्र लेखी असल्यामुळे वाद आकड्यांवर राहतो. कोल्हापुरात महापालिका, प्राधिकरण आणि मोठ्या ग्रामपंचायती यांच्यात असे सूत्र ठरवता येईल: हद्दीबाहेर जितके किलोमीटर बस धावेल, तितक्या किलोमीटरच्या तुटीतील ठराविक हिस्सा बाहेरच्या संस्थांनी द्यावा. विकास शुल्क गोळा करणाऱ्या प्राधिकरणाकडे ही मागणी सर्वांत आधी जावी. गावातील वाचकांनी ग्रामसभेत ‘आमच्या गावाला इतक्या फेऱ्या हव्यात आणि त्यासाठी वाजवी हिस्सा देण्यास आम्ही तयार आहोत’ असा ठराव करून घ्यावा. असा ठराव हाती असला, की महापालिकेला नाही म्हणणे कठीण जाते. औद्योगिक वसाहतींतील कारखानदारांच्या संघटनांनाही या चर्चेत घ्यावे. कामगारांचे मासिक पास कारखान्यांनी एकगठ्ठा घेतले, तर पाळीच्या वेळेच्या फेऱ्यांना हमखास उत्पन्न मिळते.

विरोध कोठून येईल

वडापवाले आणि रिक्षाचालक यांना शत्रू समजू नये. त्यांचे पोट त्याच मार्गांवर आहे. मुख्य मार्गांवर बस आणि आतल्या वसाहतींपासून थांब्यापर्यंत रिक्षा, अशी मांडणी त्यांच्या संघटनांपुढे आधीच ठेवली, तर विरोध पूर्ण मावळणार नाही, पण त्याची धार कमी होईल. महाद्वार रोडच्या परिसरातील व्यापाऱ्यांना वाटते की गाडी दारात लावता आली नाही तर गिऱ्हाईक जाईल. त्यांच्याशी बोलताना तिथे दिवसभर लागून राहणाऱ्या दुचाकी गिऱ्हाइकांच्या किती आणि दुकानदारांच्या-नोकरांच्या किती, याची मोजणी त्यांच्याच बरोबर करावी. वाहनतळांचे उत्पन्न बससेवेसाठी राखून ठेवण्याची मागणीही याच वेळी करता येते.

तिकीटदराबद्दल थोडेच सांगायचे आहे. दरवाढ अंतिमतः जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडून मंजूर व्हावी लागते, आणि निवडणुकीच्या तोंडावर ती कोणालाच नको असते. सवलती मात्र झटपट जाहीर होतात. एसटीमध्ये मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि त्याची भरपाई राज्य सरकार एसटी महामंडळाला देते. महापालिकेने स्वतः दिलेल्या सवलतीची भरपाई मात्र तिलाच करावी लागते. सवलतीला विरोध करू नये; सवलतीच्या प्रत्येक ठरावात भरपाईची रक्कम आणि लेखाशीर्ष लिहून घ्यावे.

तरतूद झाल्यानंतर

अंदाजपत्रकात रक्कम दिसली म्हणून थांबू नये, कारण तरतूद आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम यांत अंतर असते. जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी अशा तीन वेळा, त्या लेखाशीर्षातून परिवहन उपक्रमाला किती रक्कम वर्ग झाली आणि त्याच काळात किती किलोमीटर बस धावली, हे दोन आकडे लेखी मागावेत. रक्कम वर्ग झाली आणि किलोमीटर घटले, तर प्रश्न वर्कशॉपला किंवा कंपनीला विचारायचा आहे. किलोमीटर घटले आणि रक्कमही वर्ग झाली नाही, तर तो आयुक्तांना आणि स्थायी समितीला विचारायचा आहे. ऑक्टोबरचे आकडे हाती आले की पुढच्या वर्षाच्या निवेदनाचा मसुदा त्यांच्याच आधारे करावा, म्हणजे तो नोव्हेंबरमध्ये वेळेवर देता येतो.