विंडोजचं स्टोअर जोडलं जात नाही? फॉरमॅटच्या आधी घड्याळ बघा

चिपळूणला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. ‘स्टोअर (विंडोजमधलं अ‍ॅप उतरवायचं दुकान) उघडत नाही, विंडोज नवीन मारून द्या’ असं सांगत लोक मशीन टेबलावर ठेवतात. कृपा करून तेवढ्यासाठी फॉरमॅट मारू नका. टॅलीचा डेटा, लग्नाचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट सगळं पणाला लागतं, आणि दुखणं विंडोजच्या बाहेरचं असेल तर नवीन विंडोजवरही तोच एरर येतो. मी ज्या क्रमाने तपासते तो क्रम सांगते.

पहिलं काम, मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि स्टोअर परत उघडा. उघडलं तर मशीन ठणठणीत आहे, घोळ राउटरमध्ये किंवा नेटवाल्याच्या लाइनीत आहे. राउटर बंद करून थोड्या वेळाने चालू करा. तरी नाहीच, तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, हाताने १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घाला.

हॉटस्पॉटवरही अडलं, तर घड्याळ बघा. स्टोअर सर्व्हरला जोडायला जातं तेव्हा सर्व्हर आधी स्वतःचं प्रमाणपत्र दाखवतो. ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे त्यावर लिहिलेलं असतं. तुमच्या मशीनमध्ये २०१५ साल लागलं असेल, तर त्याच्या लेखी हे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. मग मशीन जोडणी तोडतं, आणि तोडतं तेच बरोबर, कारण खोट्या सर्व्हरपासून तुम्हाला वाचवायची तीच सोय आहे. ०एक्स८००७२एफ८एफ हा एरर दिसला की मी आधी तारखेवरच जाते.

नुसती वेळ बघून ‘बरोबर आहे’ म्हणू नका. साल बघा, आणि टाइम झोन तर नक्की बघा. कित्येक मशीनवर झोन अमेरिकेचा पॅसिफिक असतो आणि कोणीतरी काटे हाताने फिरवून भारताची वेळ लावलेली असते. पडद्यावर सकाळचे दहा दिसतात, पण जागतिक वेळेच्या हिशोबात मशीन साडेबारा-साडेतेरा तास पुढे पळत असतं. त्यानेही साइन-इन अडकू शकतं. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात डेट अँड टाइम. झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली असलेला निवडा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा.

आज तारीख लावली आणि उद्या प्लग काढून घातल्यावर पुन्हा जुनी आली, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. रुपयाच्या नाण्यासारखा चपटा, सीआर२०३२ नावाचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मल्टिमीटर लावला तर चांगला सेल तीन व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. अडीचच्या खाली गेला की मी बदलूनच टाकते. आमच्याकडच्या दमट हवेत खाचेच्या पत्रीवर हिरवट थर चढतो. तो न पुसता नवीन सेल बसवला तर तारीख पुन्हा उडते, आणि लोक बिचाऱ्या सेलला नावं ठेवतात. बदलताना मशीनचा प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून धरा, मग क्लिप हलकेच सरकवून सेल काढा. चालू केल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तारीख घाला. लॅपटॉपमध्ये हा सेल बऱ्याचदा वायरने जोडलेला असतो, त्यामुळे तो घरी उघडू नका.

तारीख चोख असूनही जमत नसेल, तर प्रॉक्सी बघा, म्हणजे तुमचं नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्गे जातंय का ते. ऑफिसातून घरी आलेल्या लॅपटॉपवर, किंवा फुकटचं व्हीपीएन टाकून काढलेल्या मशीनवर, ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालूच राहिलेलं असतं. नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये प्रॉक्सी उघडून ते बंद करा. लॅपटॉप ऑफिसचाच असेल तर आधी तिथे विचारा. मग कंट्रोल पॅनेलच्या इंटरनेट ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड टॅबच्या तळाशी, ‘यूज टीएलएस १.२’ वर टिक आहे ना ते बघा; सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करायची ती पद्धत आहे.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. ‘नेट खातंय, अपडेट कायमचं बंद करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात मशीन देऊ नका. अपडेट रोखणारी ती छोटी सॉफ्टवेअरं विंडोज अपडेटची सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) डिसेबल करून ठेवतात, आणि स्टोअरला अ‍ॅप उतरवायला तीच सर्व्हिस लागते. सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज अपडेट’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट स्टोअर इन्स्टॉल सर्व्हिस’ या दोन्हींपुढे ‘डिसेबल्ड’ असेल तर ‘मॅन्युअल’ करा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे अ‍ॅक्टिव्हेटर होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये सर्व्हरचे पत्ते अडवून ठेवतात, तीही उघडून बघा. सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्सच्या ईटीसी फोल्डरमध्ये ती असते. ज्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह नाही आणि पुढे मायक्रोसॉफ्टचा पत्ता आहे, ती ओळ खोडा.

एवढं झाल्यावरच रीसेटकडे वळा. विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘डब्ल्यूएसरीसेट’ हे इंग्रजीत सलग (wsreset) टाइप करा. काळी खिडकी काही वेळ तशीच राहील, ती बंद करू नका, स्टोअर आपोआप उघडेल. याने फक्त कॅशे, म्हणजे स्टोअरने तात्पुरती साठवलेली माहिती, साफ होते, तुमची अ‍ॅप जागेवरच राहतात. शेवटचा प्रयोग म्हणजे मशीनवर नवीन यूजर बनवून त्यातून स्टोअर उघडणं. तिथे चाललं, तर बिघाड तुमच्या जुन्या यूजरच्या प्रोफाइलमध्ये आहे, अख्ख्या विंडोजमध्ये नाही. आणि दुरुस्तीला न्यायचीच वेळ आली तर एररचा पूर्ण आकडा दिसेल असा फोटो काढून न्या.