गणिताची जुळणी शिकणाऱ्यांसाठी: चिन्ह दिसते ते आणि असते ते

गोव्यात छपाईच्या कामाला नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मराठी, कोकणी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत टंकन करता येते. हात अडतो तो गणिताच्या पानावर. फोंड्याच्या छापखान्यात सरावपुस्तिका जुळवताना मी नवागताला आधी एकच गोष्ट करायला लावतो. वर्डमधल्या एखाद्या उणे चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवायचा आणि ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबायच्या. चिन्हाच्या जागी २२१२ उमटले, तर ते खरे उणे. ००२डी उमटले, तर तो कळफलकावरचा साधा हायफन. त्याच कळा पुन्हा दाबल्या की चिन्ह परत येते.

हा फरक केवळ दिसण्याचा नाही. हायफन आखूड असतो आणि त्याच्यानंतर ओळ तुटू शकते, त्यामुळे पदावली दोन ओळींत विभागली जाते; खऱ्या उणेची रुंदी आणि उंची मात्र अधिक चिन्हाशी जुळवलेली असते. उलट, एक्सेलमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये हायफनच लागतो, कारण २२१२ घातलेली संख्या तिथे मजकूर ठरते. कागदावर जे बरोबर, ते गणनेत चालेलच असे नाही.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, प्रत्येक चिन्हाला आकारावरून नव्हे, तर ओळखीवरून क्रमांक मिळतो, म्हणून बेरजेचे ∑ आणि ग्रीक सिग्मा दिसायला सारखे असूनही वेगळे आहेत. भूमितीच्या सिद्धतेतले ‘म्हणून’, म्हणजे ∴, २२३४ वर आहे, ‘कारण’ २२३५ वर आणि ‘बरोबर नाही’ २२६० वर. क्रमांक टाइप करून ऑल्ट व एक्स दाबले की चिन्ह उमटते; त्यापूर्वी कळफलक इंग्रजीवर आणावा, कारण देवनागरी अंक तिथे चालत नाहीत. शिवाय आधी एखादा अंक चिकटून असेल तर तोही क्रमांकात ओढला जातो, म्हणून चारच अंक निवडून मग कळा दाबाव्यात. (बरोबरचे = चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये छापून आणले; गोव्यात छापयंत्र त्याच्या आदल्याच वर्षी उतरले होते.)

वर्गमुळाचे √ क्रमांकाने येते खरे, पण नुसते; संख्येवरची आडवी रेघ त्याच्यासोबत येत नाही. त्यासाठी ऑल्ट आणि बरोबर या कळांनी समीकरणाची चौकट उघडावी. अपूर्णांक आणि घातांक सतत लागणार असतील तर लेटेक (आज्ञा लिहून मजकूर आणि सूत्रे जुळवण्याची संगणकप्रणाली) शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीचे काही आठवडे जड जातात, पुढे काम झपाट्याने होते.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मराठी मजकूर हाती आला, तर रूपांतराच्या आधी समीकरणे बाजूला काढावीत, कारण त्या फॉन्टमध्ये अक्षरे आणि चिन्हे एकाच मोजक्या क्रमांकांवर बसवलेली असतात आणि रूपांतरक दोघांनाही अक्षरेच समजतो. वेबवर ∴ च्या जागी तीन अनोळखी चिन्हे दिसली, तर फाइल यूटीएफ-८ (युनिकोडचे क्रमांक फाइलमध्ये साठवण्याची पद्धत) म्हणून वाचली गेलेली नाही असे समजावे: त्या पद्धतीत हे चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. रिकामी चौकट दिसली तर दोष फॉन्टचा. अनेक देवनागरी फॉन्टांत ∴ नसतेच, म्हणून चिन्हांना केंब्रिया मॅथसारखा फॉन्ट द्यावा आणि पीडीएफ काढताना तो आत समाविष्ट झाला आहे ना, हे फाइलच्या गुणधर्मांत पाहूनच ती छपाईला पाठवावी.