मासे आणण्याआधी टाकीत नत्रचक्र कसे बसवावे

नव्या टाकीत पाणी भरले, फिल्टर सुरू केला आणि दुसऱ्या दिवशी पाणी नितळ दिसू लागले, की टाकी तयार झाली असे समजून अनेक जण लगेच मासे आणतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ते दगावू लागतात. माशांच्या कल्ल्यांतून सतत बाहेर पडणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजलेले नसतील, तर नितळ पाणीही माशांना विषच ठरते. रूपांतराच्या या साखळीलाच नत्रचक्र म्हणतात. हे जिवाणू माशांचा जीव धोक्यात घालून वाढवण्याची मुळीच गरज नाही. त्यांना लागणारा अमोनिया आपण बाहेरून देऊ शकतो.

त्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड सर्वांत सोयीचे. कल्हईसाठी वापरला जाणारा नवसागर म्हणजे रासायनिकदृष्ट्या हेच, परंतु बाजारातल्या खड्यांत आणखी काय मिसळलेले आहे याची खात्री नसते, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाची पूड घ्यावी. १० ग्रॅम पूड डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण एक लिटर द्रावण केले, की त्याच्या दर मिलिलिटरमध्ये सुमारे ३.२ मिलिग्रॅम अमोनिया असतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत वाळू-दगडांची जागा वजा जाता साधारण ५० लिटर पाणी बसते. त्यात ३१ मिलिलिटर द्रावण घातले, की लिटरमागे २ मिलिग्रॅम हे हवे ते प्रमाण मिळते. जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, उलट ५ मिलिग्रॅमच्या पुढे जिवाणूंचीच वाढ खुंटते. कोळंबीचा तुकडा कुजवण्याची जुनी पद्धतही चालते, पण तिच्यात मात्रेचा अंदाज येत नाही आणि घरभर वास सुटतो.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणूंनाही मारतो, म्हणून अँटीक्लोरीन आधी घालावे. पाण्याचे तापमान २६ ते २८ अंश ठेवावे आणि फिल्टर व एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवावेत. नायट्रीकरणात, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट होताना, पाण्याची क्षारता (आम्ल सामावून घेण्याची क्षमता) खर्च होत जाते. कोकणातल्या जांभ्या दगडातील विहिरींचे मऊ पाणी वापरणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सामू (pH) ६.५ च्या खाली घसरला की सारी प्रक्रिया मंदावते. अशा वेळी ५० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरेसा होतो.

यानंतर थेंबांच्या टेस्ट किटने एक दिवसाआड पाणी तपासावे. काही दिवसांनी अमोनियाच्या नळीतला हिरवा रंग पिवळटपणाकडे झुकू लागतो आणि नायट्राइट चढू लागते. हा दुसरा टप्पा अधिक रेंगाळतो आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. या काळात अमोनिया शून्यावर आला की निम्मी मात्रा द्यावी. नायट्राइटचा रंग तक्त्यातल्या सर्वांत गडद चौकोनाशी जुळत असेल, तर खरा आकडा त्याहून कितीही मोठा असू शकतो. तेव्हा टाकीचे एक भाग पाणी नऊ भाग डिस्टिल्ड पाण्यात मिसळून तपासावे आणि उत्तराला दहाने गुणावे. आकडा फारच मोठा निघाला, तर निम्मे पाणी बदलावे. जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर चिकटून राहतात, त्यामुळे पाणी बदलल्याने ते वाया जात नाहीत. स्पंज नळाखाली धुतल्याने मात्र जातात.

एकूण चार ते सहा आठवडे धरून चालावे. ओळखीच्या कोणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

पूर्ण मात्रा दिल्यापासून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि सलग दोन-तीनदा तसेच घडले, तरच टाकी तयार झाली असे मानावे. मग साचलेले नायट्रेट काढण्यासाठी तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी बदलावे आणि एक-दोन दिवसांत मासे सोडावेत. मासे मिळायला उशीर होणार असेल, तर अमोनियाची मात्रा चालू ठेवून पाणी बदलण्याचे काम मासे आणण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पुढे ढकलावे.