पुढे ढकललेला दौरा वहीत कसा लिहायचा

क्रिकेट दौऱ्याचा कार्यक्रम जाहीर झाला की पान आखून ठेवावं, पण पेन्सिलीने. आणि सामन्याचा अनुक्रमांक (अधिकृत यादीतला कितवा सामना, तो आकडा) नाणेफेक होईपर्यंत घालूच नये. क्रिकेटची वही हाताने लिहिणारे आता फार उरलेले नाहीत ("अगं, मोबाइलवर सगळं मिळतं की," हे भावाचं पालुपद), पण जे आहेत त्यांची खरी पंचाईत होते ती दौरा पुढे गेला की. पान फाडायचं, कोरं सोडायचं, की खोडून त्यावरच गिरवायचं? माझी पद्धत सांगते.

आधी बघायचं, मालिकेतला एखादा तरी सामना झालाय का. झाला नसेल तर काम सोपं. भारताचा बांगलादेश दौरा घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मीरपूर आणि चितगावला तीन एकदिवसीय आणि तीन टी-ट्वेंटी ठरले होते. जुलैच्या सुरुवातीला दोन्ही मंडळांनी कळवलं की दौरा सप्टेंबर २०२६ वर नेतोय. कारण दिलं दोन्ही संघांच्या भरगच्च वेळापत्रकाचं आणि सोयीचं. अशा वेळी पानावर तिरपी रेघ मारायची, कोपऱ्यात निवेदनाची तारीख आणि कारण लिहायचं, खाली "पाहा: सप्टें. २०२६". तेही पेन्सिलीनेच. आपले तर्क त्या पानावर नकोत. बांगलादेशातल्या राजकीय परिस्थितीमुळे दौरा लांबला अशी चर्चा तेव्हा होतीच. ती मी पाठीमागच्या कोऱ्या बाजूला टिपली. मंडळ काय म्हणालं आणि लोक काय म्हणाले, हे एका ओळीत आलं की दोन वर्षांनी आपलं आपल्यालाच वेगळं काढता येत नाही.

जुन्या पानावरचा संघ नव्या पानावर उतरवायचा नाही, ही दुसरी गोष्ट. जुलैमध्ये एकदिवसीय संघाचा कर्णधार रोहित शर्मा होता. रोहित आणि कोहली दोघेही तोवर कसोटी आणि टी-ट्वेंटीतून निवृत्त झाले होते, म्हणून तर त्या तीन सामन्यांकडे एवढे डोळे लागले होते. ते दोघं मैदानात दिसले थेट ऑक्टोबरात, ऑस्ट्रेलियात, आणि तेव्हा कर्णधार शुभमन गिल होता. कर्णधाराचा रकाना म्हणून नाणेफेकीआधी भरायचाच नाही.

मालिका सुरू होऊन मध्येच अडकली तर मात्र डोकं लावावं लागतं. २०२१ ची इंग्लंडमधली मालिका हे त्याचं सगळ्यात किचकट उदाहरण. चार कसोटींनंतर भारत २-१ ने पुढे. पाचवी १० सप्टेंबरला मँचेस्टरला होती. भारतीय गोटात कोविड शिरला आणि सामना सुरू व्हायच्या दोनएक तास आधी रद्द झाला. मग ती कसोटी झाली १ जुलै २०२२ पासून, एजबॅस्टनला. मालिका तीच, म्हणून पान तेच. पण माणसं? पहिल्या चार कसोटींत कर्णधार कोहली आणि रूट, पाचवीत बुमराह आणि स्टोक्स. (रोहितला ऐनवेळी कोविड झाला, नाहीतर तिथे त्याचं नाव असतं.) प्रशिक्षक शास्त्री आणि सिल्व्हरवूड होते, ते द्रविड आणि मॅकलम झाले. मालिकेच्या माथ्यावर एकदाच कर्णधारांची नावं लिहायची सवय असेल तर इथे गाडं अडतं. म्हणून मी प्रत्येक सामन्याच्या ओळीतच कर्णधार लिहिते. शिवाय मालिकेच्या शेवटी अर्धं पान कोरं सोडते. त्या अर्ध्या पानात पंतच्या १४६, जडेजाच्या १०४, ब्रॉडच्या एका षटकात निघालेल्या ३५ धावा, आणि इंग्लंडने तीन गडी गमावून गाठलेलं ३७८ चं लक्ष्य, सगळं मावलं. मालिका २-२. मँचेस्टरची ओळ खोडायची नाही. तिच्यासमोर "सामना नाही" आणि खाली बाण.

वर्षवार यादीत ही कसोटी २०२२ मध्येच जाते, कारण खेळाडूंच्या धावा-बळी तारखेप्रमाणे मोजले जातात.

पावसाने गेलेला आणि निर्णयाने गेलेला सामना एकत्र करू नये. मार्च २०२० मध्ये दक्षिण आफ्रिका इथे आली होती. १२ तारखेला धरमशाला पावसात गेलं, नाणेफेकसुद्धा झाली नाही. लखनौ आणि कोलकात्याचे सामने कोविडमुळे रद्द झाले. तिन्हींना अनुक्रमांक नाही, पण कारणं वेगळी, म्हणून शेरेही वेगळे. नाणेफेक झाली असती तर एकही चेंडू न पडता धरमशाला अधिकृत यादीत गेलं असतं.

थोड्या दिवसांची ढकलाढकलही टिपावी, ती बारीक वाटते तरी. २०२० चा श्रीलंका दौरा कोविडमुळे २०२१ च्या जुलैत गेला. मुख्य संघ इंग्लंडमध्ये, म्हणून धवन कर्णधार. तिथे श्रीलंकेच्या गोटात कोविड निघाल्याने पहिला एकदिवसीय १३ वरून १८ जुलैला सरकला. पुढे कृणाल पंड्याला लागण झाली आणि दुसरा टी-ट्वेंटी २७ ऐवजी २८ ला झाला. संपर्कात आलेले खेळाडू विलगीकरणात गेले, आणि त्या एका सामन्यात चौघांनी पदार्पण केलं: पडिक्कल, नितीश राणा, सकारिया आणि आपला ऋतुराज गायकवाड. नुसती "२८ जुलै" लिहिली असती तर एकाच दिवशी पदार्पणाच्या चार टोप्या कशा वाटल्या, हे वहीवरून कधीच कळलं नसतं.

कसोटी अजिंक्यपद (कसोटी संघांची गुणांवर चालणारी जागतिक स्पर्धा) सुरू झाल्यापासून एक जास्तीचा रकाना लागतो: गुण. इथे दुसऱ्या देशांचे दौरेही बघावे लागतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने दक्षिण आफ्रिकेचा दौरा पुढे ढकलला, त्यातले गुण हुकले, आणि न्यूझीलंडची अंतिम फेरी पक्की झाली. मग तिथे भारताशी गाठ पडली. तो दौरा भारताचा नव्हता, पण माझ्या वहीत साउदम्प्टनच्या, म्हणजे त्या अंतिम सामन्याच्या, पानावर त्याची एक ओळ आहे. एजबॅस्टनसमोर या रकान्यात "वजा २" आहे, षटकांची गती कमी पडल्याबद्दल कापलेले गुण. गुणांचा आकडा मी सामनाधिकाऱ्यांचा निर्णय येईपर्यंत शाईने लिहीत नाही.