ज्युनिअर थेरपिस्ट टिकत नाहीत? आधी या चुका टाळा

मुलाबद्दल कुणी ‘हट्टी आहे’ म्हटलं की आपण एबीएवाले (म्हणजे वर्तनाचं निरीक्षण करून मुलांना, बहुतेकदा ऑटिझम असलेल्या, शिकवणारे थेरपिस्ट) लगेच अडवतो. हट्टी म्हणजे नेमकं करतो काय? त्याआधी काय झालं होतं, नंतर त्याला काय मिळालं? आणि मग चहाच्या वेळी ज्युनिअरबद्दल बिनदिक्कत बोलतो: निष्काळजी आहे, शिकायची इच्छाच नाही, दोन महिन्यांत पळेल. मीही बोललेय.

शिक्का मारून मोकळं होणं

माझ्या हाताखालची एक मुलगी डेटा शीट, म्हणजे मुलाने किती वेळा बरोबर केलं त्याची नोंद, सेशन संपल्यावर आठवून भरायची. दहापैकी आठ, दहापैकी आठ, पुन्हा दहापैकी आठ. दोन महिने मी तिला ऐकवत राहिले. मग एकदा कोपऱ्यात स्टूल टाकून अख्खं सेशन बसले. मुलगा केस ओढायचा, म्हणून तिचा एक हात कायम अडवायला लागे. दुसऱ्या हातात चित्रांची कार्डं. पॅड कपाटावर, कारण खाली ठेवलं की कागद फाटलाच. सेशन संपायच्या आत पुढचं मूल आईबरोबर दारात. हे वेळापत्रक केलं कुणी? मीच.

कुर्त्याच्या डाव्या खिशात दहा मणी ठेवायचे, बरोबर उत्तर आलं की एक मणी उजव्या खिशात. आणि दोन सेशनच्या मधे दहा मिनिटं मोकळी. एवढंच केलं, आकडे खरे यायला लागले. शंका असेल तर दोघींनी एकाच वेळी, एकमेकींचं न बघता मोजा. जुळणी ८० टक्क्यांच्या खाली गेली तर आधी वर्तनाची व्याख्या तपासा. माणसाकडे नंतर वळा.

सुपरव्हिजन फोनवर उरकणं

‘प्रॉम्प्ट हळूहळू कमी कर’ (प्रॉम्प्ट म्हणजे उत्तरासाठी मुलाला दिलेली मदत) असा मेसेज टाकला की आपल्याला वाटतं शिकवून झालं. उत्तरायणात पोराला गच्चीवर पतंग शिकवताना ढील किती द्यायची हे कुणी फोनवरून सांगतं का? आपण त्याचा मांजा हातात धरतो. आपल्या शास्त्रातली पद्धतही तीच: सांगा, करून दाखवा, समोर करून घ्या, लगेच काय बरोबर आणि काय चुकलं ते बोला, जमेपर्यंत पुन्हा. आपण बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच थांबतो. आरबीटींसाठी (रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन, देखरेखीखाली प्रत्यक्ष सेशन घेणारे) महिन्यात दिलेल्या थेरपीच्या तासांपैकी किमान ५ टक्के सुपरव्हिजन लागतं. ८० तासांना ४ तास. हे किमान आहे, पण पुष्कळ ठिकाणी तेच उद्दिष्ट होऊन बसतं.

खोलीत बसल्याने काय दिसतं त्याचा हा किस्सा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरातलं पाच वर्षांचं मूल, थेरपिस्ट गुजराती, मुलावर जीव टाकणारी. शीटवर रोज एकच तक्रार: ‘काम संपल्यावर टेबलावरून उठायला नकार, पाचपैकी चार वेळा.’ कागदावर हे नेहमीचंच वाटतं. मी फोनवर उपायही सांगून टाकला होता, दारापाशी आवडीचं खेळणं ठेवायचा. काही फरक नाही. मग एका दुपारी गेले. शेवटचं कोडं जुळलं, तिने टाळी वाजवली आणि आनंदाने म्हणाली, “बस, थई गयुं!” अर्धवट उठलेलं मूल पुन्हा खुर्चीत बसलं. तिने हात पुढे केला, “बस बस, चाल!” मूल उठलं, थबकलं, बसलं.

घरी जेवताना आजी दहा वेळा म्हणते ‘बस’, आणि ते बसतं. इतकं सांगितलेलं ऐकणारं मूल, आणि शीटवर त्याचा नकार! तिचा ‘बस’ म्हणजे पुरे, त्याचा ‘बस’ म्हणजे खाली बस. हे शीटच्या कुठल्याच रकान्यात सापडलं नसतं. तिथे ‘झालं’ हा शब्द आणि हाताची एक खूण ठरवली. तेव्हापासून नव्या मुलाच्या पहिल्या भेटीत घरचे वीसेक शब्द लिहून घेतो: ये, बस, दे, अजून, नको, शू. बडोद्यात काम करणाऱ्याने हे न करणं म्हणजे आळस. (हा शिक्का मी स्वतःवर मारतेय, तेवढी सूट द्या.)

घाईने प्रोग्राम बदलणं

नवरात्रात दरवर्षी कुणीतरी घाबरून येतं: ताई, टॅन्ट्रम दुप्पट झाले, प्रोग्राम बदलू? आधी विचारा, झोपतो किती वाजता. अख्खं शहर नऊ रात्री गरब्याला जागं असतं, लाउडस्पीकर खिडकीत, आणि सकाळी दहाच्या सेशनला मूल पेंगतंय. शीटवर झोपेचा रकाना घाला, जमल्यास सेशन दुपारी घ्या.

पालकांसमोर चूक दाखवणं

करू नका. ज्युनिअर त्यानंतर तुमच्यापासून चुका लपवायला शिकते, आणि तो धडा आपणच दिलेला असतो.

सर्टिफिकेटबद्दल गुळमुळीत बोलणं

याचा मला खरा राग येतो. अमेरिकेतल्या बीएसीबीने (एबीएची सर्टिफिकेटं देणारं मंडळ) १ जानेवारी २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेणं थांबवलं. तरी ‘बीसीबीए होशील’ (बीसीबीए म्हणजे त्याच मंडळाचं वरच्या पातळीचं सर्टिफिकेट) या आशेवर पगारातून कोर्सची फी भरणाऱ्या मुली भेटतात, आणि त्यांच्या सीनिअरला हे ठाऊक असतं. आयबीएओ, क्यूएबीए अशा दुसऱ्या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांचे मार्ग आहेत, पण त्यांचे तास, परीक्षा, नियम निराळे. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी ही तर वेगळीच गोष्ट, ती १९९२ च्या भारतीय कायद्याखाली येते. फी भरण्याआधी लिहून घ्या: कुठलं सर्टिफिकेट, कुणाच्या देखरेखीखाली, महिन्याला प्रत्यक्ष निरीक्षणाचे किती तास, आणि सुपरव्हायजर सोडून गेली तर सर्टिफिकेटसाठी आधी भरलेल्या सरावाच्या तासांवर सही कोण करणार. शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण तासांचा घोळ बहुतेकदा तिथेच होतो. सह्या दर महिन्याला घ्या, वर्षाअखेरीला नको.

ज्युनिअर असाल तर

सुपरव्हायजर खोलीत येतच नसेल, तर पालकांची लेखी परवानगी घेऊन तीन मिनिटांचा व्हिडिओ करा आणि एकच प्रश्न घेऊन जा. ‘ताई, सगळं बरोबर चाललंय ना?’ असं विचारलंत तर जिन्यातच ‘हो गं’ मिळेल. ‘इथे मी प्रॉम्प्ट किती सेकंद आधी दिला, ते दाखवता का?’ असं विचारा. त्यासाठी तिला खुर्ची ओढावीच लागेल.