पहिली गाडी वेळेवर सुटावी म्हणून

सांगली जिल्ह्यातल्या एसटीच्या एका आगारात मी सव्वीस वर्षं कंडक्टर होतो. वेळ पाळायची कशी, असं नवीन पोरं विचारतात, तेव्हा त्यांना एवढंच सांगतो की हिशेब उलटा मांडा. गाडी सहाला सुटते. तिकिटांची पेटी आणि वेबिल, म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, घेऊन तिकिटांचे नंबर तपासायला अर्धा तास लागतो, म्हणजे साडेपाचला आगारात. सायकलचे वीस मिनिट, त्यात पंक्चरचे पंधरा धरायचे. म्हणजे पाच वाजायच्या आत घर सोडायचं. पंक्चर रोज होत नाही, पण ते पंधरा मिनिट रोज धरायचे.

गणवेश, बिल्ला आणि सुट्ट्या पैशांची पिशवी रात्रीच खुंटीला लावून ठेवा. सायकलीची हवा रात्रीच तपासून ठेवा.

हे मला आमच्या आगार व्यवस्थापकांनी शिकवलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी बारा मिनिट उशिरा पोचलो. मला वाटलं, आता मेमो. साहेब म्हणाले, "गाडीत जा, कुणाला पुढं कुठं जायचंय ते विचारून ये." गेलो. एका बाईंना मिरजेहून रेल्वे धरायची होती, दोन पोरांना आयटीआय गाठायचं होतं, एका म्हाताऱ्याला दवाखान्यात पहिला नंबर लावायचा होता. त्या बाईंची गाडी चुकली. मेमो मिळाला असता तर तो मी विसरलो असतो. त्या बाईंचं तोंड विसरलो नाही.

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर साहेबांचं आणखी एक घ्या. ते सव्वापाचला गेटवर उभे असायचे, पण कुणाला घड्याळ दाखवायचे नाहीत. नाव घेऊन "या" म्हणायचे. आणि ड्यूटी संपली की कुणाला थांबवून ठेवायचे नाहीत. हे फार मोठं आहे. सुटायची वेळ जो पाळतो, त्याच्यासाठी माणसं यायची वेळही पाळतात.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला सुटली. दर १ जूनला साहेब वर्षभर वेळेवर गाडी काढणाऱ्या चालक-वाहकांना मानाचा नारळ द्यायचे. मला तो सातदा मिळाला.

आणि कधी उशीर होणारच असेल, तर निघायच्या आधी वाहतूक नियंत्रकाला कळवा. "पोचतोच" म्हणू नका, किती मिनिट लागतील ते खरं सांगा, म्हणजे दुसरा कंडक्टर लावता येतो.

साहेबांची बदली झाली त्याला किती वर्षं झाली. आगारात अजून साडेपाचच्या आधी गेटवर माणसं जमलेली असतात. त्यातल्या निम्म्यांनी साहेबांना पाहिलेलंही नाही.