निन्टेन्डो डीएस इम्युलेटरमध्ये बायोस फाइल्स कशा बसवायच्या

डीएस या निन्टेन्डोच्या हातातल्या गेम कन्सोलमध्ये दोन प्रोसेसर आहेत, एआरएम९ आणि एआरएम७. दोघांची बायोस, म्हणजे चिपमध्ये कायमचा भरलेला मूळ कोड, वेगवेगळी, आणि मेनू व सेटिंग्ज साठवणारी फर्मवेअरची चिप तिसरी. म्हणून इम्युलेटर, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम, एक नाही, तीन फाइल्स मागतो. इथे मेलॉनडीएस हा इम्युलेटर धरून सांगतो. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पर्यायी बायोस आतच दिलेली असते, तेव्हा फक्त गेम खेळायचे असतील तर बहुधा यातलं काहीच करावं लागणार नाही. कन्सोलचा खरा मेनू किंवा पिक्टोचॅट (डीएसमधलाच गप्पा मारण्याचा प्रोग्राम) हवं असेल तर मात्र मूळ फाइल्स लागतात.

त्या स्वतःच्या कन्सोलमधून काढाव्यात. बायोसवर निन्टेन्डोचा कॉपीराइट आहे; शिवाय कुठून तरी उतरवलेली फाइल पूर्ण आहे की नाही, याची खात्री नसते. जुना डीएस, फ्लॅशकार्ड (आपले प्रोग्राम डीएसवर चालवू देणारं कार्ड) आणि चिपमधला कोड फाइलमध्ये उतरवणारा, म्हणजे डंप करणारा, छोटा होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेला) प्रोग्राम एवढं पुरतं. फर्मवेअर डीएस किंवा डीएस लाइटमधूनच घ्या. डीएसआय किंवा थ्रीडीएसमधून मिळणाऱ्या फर्मवेअरवरून मेनू सुरू होत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच तासन्‌तास जातात: फाइलचा आकार तपासा. विंडोजमध्ये राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि 'साइज' या ओळीत कंसातला बाइट्सचा आकडा वाचा. खालची 'साइज ऑन डिस्क' ही ओळ बघू नका, तो आकडा वेगळा असू शकतो. एआरएम९ची बायोस ४,०९६ बाइट्स, एआरएम७ची १६,३८४, आणि फर्मवेअर साधारणपणे २,६२,१४४. नऊ हा आकडा मोठा, म्हणून त्याची फाइलही मोठी असेल असं वाटतं. मीही तसंच समजून दोन्हींची अदलाबदल केली होती आणि एक अख्खी संध्याकाळ काळ्या स्क्रीनकडे बघत काढली.

आकार बरोबर असूनही एआरएम७ची फाइल सदोष असू शकते. त्या बायोसचा सुरुवातीचा भाग बाहेरच्या प्रोग्रामला वाचता येत नाही. तो बायोसच्याच कोडमार्फत वाचून घ्यावा लागतो. ही युक्ती न वापरणारा प्रोग्राम अर्धवट फाइल देतो, म्हणून डंपर नीट निवडा.

तिन्ही फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवा. मेलॉनडीएसच्या कॉन्फिग मेनूतून इम्युलेटर सेटिंग्ज उघडा, बाहेरच्या बायोस फाइल्स वापरण्याच्या पर्यायावर टिक करा आणि डीएस मोडच्या टॅबमध्ये प्रत्येक फाइल तिच्या रकान्यात निवडा. रेट्रोआर्च (अनेक इम्युलेटर एकत्र चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर फाइल्स त्याच्या सिस्टिम फोल्डरमध्ये जातात, आणि तिथे नावं अचूक लागतात, सगळी स्मॉल लेटर्समध्ये. लिनक्सवर एक कॅपिटल अक्षरही चालत नाही. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचा 'डॉट बिन' हा भाग) लपलेलं असलं, तर नाव बदलताना ते चुकून दोनदा जोडलं जातं. आधी व्ह्यू मेनूतून एक्स्टेन्शन दिसू द्या.

आता गेम न उघडता 'बूट फर्मवेअर' निवडा. डीएसचा मेनू आला, त्यावर तुमचंच नाव आणि तुम्ही निवडलेला रंग दिसला, की तिन्ही फाइल्स जागेवर बसल्या. ही माहिती फर्मवेअरच्या फाइलमध्येच असते आणि सेटिंग्ज बदलल्या की फाइलही बदलते, म्हणून मूळ फाइलची एक प्रत आधीच वेगळी ठेवा.